जुने नेटबुक आणि लिनक्स : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुन्या संगणकांवर लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली बसवण्याविषयी या सदरात लिहिल्यानंतर नाशिक शहर आणि जिल्ह्यातून जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रे नेटबुकविषयी आहेत. २००८ ते २०११ या काळात घराघरांत आलेली ही दहा इंची यंत्रे आज कपाटात पडून आहेत, आणि ती पुन्हा कामाला लावावीत असे पुष्कळांना वाटते. मला स्वतःला हा विषय अत्यंत जिव्हाळ्याचा वाटतो, म्हणून या वेळी संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत, ती रोमन अक्षरांत लिहावयाची आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २००९ साली घेतलेले नेटबुक (अ‍ॅटम एन २७०) आहे. त्यावरील विंडोज एक्सपी काढून डेबियन १३ हे लिनक्सचे वितरण बसवावे म्हणून पेन ड्राइव्ह तयार केला. परंतु यंत्र सुरू करताच ‘या कर्नलला ६४ बिट प्रोसेसर लागतो’ अशा अर्थाची एक ओळ दिसते आणि सर्व तेथेच थांबते. पेन ड्राइव्ह बिघडला असेल का?
— एक निवृत्त कर्मचारी, नाशिक रोड

उत्तर : पेन ड्राइव्ह उत्तम आहे. आपल्या यंत्रातील इंटेलचा अ‍ॅटम एन २७० हा प्रोसेसर २००८ सालचा असून तो केवळ ३२ बिट सूचना समजतो. डेबियनची १३ वी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली, आणि तिच्यापासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) देणे डेबियनने थांबवले. जून २०२३ मध्ये आलेली १२ वी आवृत्ती मात्र ३२ बिट यंत्रांवर चालते आणि तिची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत ठरलेली आहे. आपण डेबियन १२ ची ‘आय ३८६’ या नावाची प्रत उतरवून घ्या. डेबियन १२ वरच उभारलेली अँटिएक्स २३ ही वितरणप्रणालीही ३२ बिट स्वरूपात मिळते. ती मुद्दाम जुन्या यंत्रांसाठी घडवलेली आहे आणि आपणांस टर्मिनलची सवय नसेल तर तिच्यापासून आरंभ करणे मला अधिक सोयीचे वाटते.

एक गोष्ट आताच सांगतो. गूगल क्रोमने ३२ बिट लिनक्सची साथ २०१६ सालीच सोडली आहे, आणि फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्याही १४४ नंतर ३२ बिट लिनक्ससाठी निघत नाहीत; दीर्घ मुदतीची १४० क्रमांकाची आवृत्ती तेवढी किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत सांभाळली जाणार आहे. बँकेचे व्यवहार या यंत्रावर करावयाचे असतील तर ही मुदत लक्षात ठेवा. लेखन, वाचन, हिशेब, गाणी या कामांना अशी मुदत नाही.

ज्या वाचकांकडे २०१० नंतरचे एन ४५० किंवा एन ४५५ प्रोसेसरचे नेटबुक आहे, त्यांनी ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा देऊन पाहावी. तिच्या आरंभीच्या ओळींत ३२ बिट आणि ६४ बिट असे दोन्ही लिहिलेले आढळले तर डेबियन १३ त्यांना खुले आहे.

प्रश्न : मी मुक्त विद्यापीठातून पदवीचा अभ्यास करते. भावाचे जुने नेटबुक (अ‍ॅटम एन २७०, १ जीबी रॅम, १६० जीबी हार्ड डिस्क) मला मिळाले असून त्यावर गनोम डेस्कटॉपसह डेबियन १२ बसवले आहे. ब्राउझरमध्ये दुसरे पान उघडले की माउस गोठतो आणि हार्ड डिस्कचा दिवा पाच-पाच मिनिटे लुकलुकत राहतो. वेग वाढवण्यासाठी मी ठिकठिकाणचे उपाय वाचून पुढील बदल केले : स्वॅपिनेस १० केला, झेडरॅम सुरू केले, टेम्प फोल्डर रॅममध्ये हलवला, दर तासाला कॅश रिकामी करणारी आज्ञा लावली, ‘नोएटाइम’ लिहिले, प्रीलोड बसवले आणि प्रोसेसरच्या सुरक्षा-दुरुस्त्या बंद केल्या. फरक जवळजवळ पडला नाही. आता कर्नल स्वतः कंपाइल करावा असे एकाने सुचवले आहे. करावा का?
— एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : कर्नल कंपाइल करू नका. या यंत्रावर त्याला कित्येक तास लागतील आणि हाती येणारा लाभ आपणांस जाणवणारही नाही. आपण मेहनतीने सात बदल केलेत, परंतु यंत्र नेमके कशासाठी अडते आहे हे त्यांपैकी एकाही बदलाच्या आधी पाहिले गेले नाही. वैद्य आधी नाडी पाहतो आणि मग मात्रा देतो, तसेच येथे करू.

टर्मिनल उघडून ‘व्हीएमस्टॅट १’ ही आज्ञा द्या आणि ती चालू असतानाच ब्राउझरमध्ये दुसरे पान उघडा. दर सेकंदाला आकड्यांची एक ओळ येत राहील. तिच्यातील ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे दोन रकाने स्वॅपमधून (रॅम अपुरी पडल्यास वापरल्या जाणाऱ्या राखीव जागेतून) रॅममध्ये आणि रॅममधून स्वॅपमध्ये होणारी ने-आण दाखवतात, ‘डब्ल्यूए’ हा रकाना प्रोसेसरचा किती टक्के वेळ डिस्कची वाट पाहण्यात जातो ते सांगतो, आणि ‘यूएस’ या रकान्यात कार्यक्रमांसाठी केलेले खरे काम दिसते. माउस गोठतो त्या क्षणी पहिले दोन रकाने शून्यावर येत नसतील आणि ‘डब्ल्यूए’ मोठा असेल, तर दोष प्रोसेसरकडे नाही. रॅम अपुरी पडते आहे आणि तिची भरपाई डिस्क करते आहे. आपण केलेल्या वर्णनावरून मला हेच दिसेल असे वाटते.

ही भरपाई किती महाग पडते ते पाहा. नेटबुकमधील हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते आणि शीर्ष योग्य वर्तुळावर सरकायला आणखी १० मिलिसेकंद लागतात. हिशेब केला तर विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साठ-सत्तर वाचने होतात. लिनक्स रॅमची वाटणी ४ केबीच्या पानांत करते (ही ब्राउझरमधील पाने नव्हेत). ब्राउझरची १०० एमबी सामग्री स्वॅपमध्ये गेली असेल तर ती २५,६०० पाने झाली, आणि प्रत्येक पान वेगळे वाचावे लागले तर सहा मिनिटांहून अधिक वेळ जाईल. कर्नल शेजारची काही पाने एकत्र उचलत असल्यामुळे प्रत्यक्षात इतका वेळ लागत नाही. तरीही आपला दिवा पाच मिनिटे का लुकलुकतो याचे उत्तर या गणितात आहे.

म्हणून पहिला उपाय डेस्कटॉप बदलण्याचा. गनोम ही अतिशय विचारपूर्वक घडवलेली प्रणाली आहे, पण ती १ जीबी रॅमसाठी घडवलेली नाही. त्यातही आपल्या यंत्रातील जीएमए ९५० हे चित्रयंत्र (ग्राफिक्स चिप) स्वतःची वेगळी रॅम नसल्यामुळे त्याच १ जीबीतून आपला वाटा घेते. डेबियन नव्याने बसवताना डेस्कटॉप निवडण्याच्या यादीत गनोमवरील खूण काढून एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप निवडा. असलेल्या प्रणालीतून गनोम खरवडून काढत बसण्यापेक्षा हे पुष्कळ स्वच्छ ठरते. त्यानंतर ‘फ्री -एम’ ही आज्ञा देऊन ‘अव्हेलेबल’ या रकान्यातील आकडा कागदावर लिहून ठेवा. ‘फ्री’ या रकान्याकडे पाहू नका, कारण तेथील लहान आकडा हे दुखणे नव्हे.

आता दर तासाच्या कॅश-सफाईविषयी, कारण आपल्या सात बदलांत सर्वांत घातक तोच आहे. डिस्कवरून एकदा वाचलेल्या फाइली लिनक्स रिकाम्या रॅममध्ये ठेवून देते आणि एखाद्या कार्यक्रमाला जागा लागली की त्या आपसूक बाजूला करते. ती कॅश आपण हाताने रिकामी करता, तेव्हा स्वयंपाकघरातील रोजचे डबे दर तासाला माळ्यावर चढवल्यासारखे होते. फोडणीची वेळ झाली की पुन्हा शिडी लावणे आले. ही आज्ञा आजच काढून टाका. प्रीलोडही काढा. आपण पुढे काय उघडाल याचा अंदाज बांधून तो कार्यक्रम फाइली आधीच रॅममध्ये आणतो, आणि आपल्याकडे नेमकी तीच जागा नाही. टेम्प फोल्डर रॅममध्ये नेण्याचा बदलही याच कारणासाठी मागे घ्या.

झेडरॅम मात्र ठेवा. आपल्या बदलांत खरा गुण त्यात आहे, पण दुसऱ्याच बदलाने त्याचे हात बांधले आहेत. झेडरॅम हा रॅमच्याच एका भागात तयार केलेला दाबून भरलेला स्वॅप होय : क्वचित लागणारी पाने तेथे आकुंचित होऊन बसतात, बहुधा मूळच्या निम्म्याहून कमी जागेत मावतात, आणि हवी असतील तेव्हा मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात परत मिळतात. हार्ड डिस्कच्या पंधरा मिलिसेकंदांशी याची तुलना करा. डेबियनमध्ये ‘झेडरॅम-टूल्स’ हे पॅकेज बसवून ‘झेडरॅमस्वॅप’ या फाइलमध्ये दाबण्याची पद्धत एलझेड४ आणि टक्केवारी ५० अशी लिहा. ओळींच्या आरंभीचे # चिन्ह काढावयास विसरू नका, अन्यथा त्या ओळी वाचल्याच जाणार नाहीत. झेडस्टँडर्ड ही पद्धत पाने अधिक दाबते हे खरे, परंतु तिला प्रोसेसरची मेहनत जास्त लागते आणि १.६ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅटमला एलझेड४ मानवते. डिस्कवरचा स्वॅपही राहू द्या, फक्त त्याचा अग्रक्रम झेडरॅमपेक्षा कमी असावा.

स्वॅपिनेस १० करण्याचा सल्ला पूर्णपणे चुकीचा नाही. तो वेगळ्या परिस्थितीतला आहे. स्वॅप हार्ड डिस्कवर असेल तर तिकडे शक्यतो जाऊ नये म्हणून हा आकडा मूळच्या ६० वरून खाली आणतात. स्वॅप झेडरॅममध्ये असताना मात्र कर्नलने तिकडे मोकळेपणाने जावे असे आपणांस वाटते, आणि त्यासाठी हा आकडा वाढवावा लागतो. कर्नलच्या ५.८ या आवृत्तीपासून तो २०० पर्यंत नेता येतो. आपण १०० पासून आरंभ करा, दोन दिवस वापरून पाहा आणि मग १५० करून पाहा. स्वॅपिनेस ज्या फाइलमध्ये लिहिला आहे, त्याच फाइलमध्ये ‘पेज-क्लस्टर’ हे मूल्य ० लिहा. शेजारची पाने एकत्र उचलण्याची युक्ती फिरत्या डिस्कसाठी आहे. झेडरॅममध्ये तिच्यापायी नको असलेली पाने उलगडण्याचे काम वाढते.

सुरक्षा-दुरुस्त्या बंद करण्याच्या बदलाने आपले काहीच बिघडलेले नाही, कारण त्याने काहीच घडलेले नाही. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे २०१८ च्या जानेवारीत जाहीर झालेले दोष पुढच्या सूचना अंदाजाने आधीच पार पाडणाऱ्या प्रोसेसरांत आहेत. एन २७० हा सूचना एकामागून एक, आल्या क्रमाने पार पाडणारा प्रोसेसर आहे, आणि कर्नलला ते ठाऊक असल्यामुळे त्या दुरुस्त्या तो या यंत्रावर लावतच नाही. ती ओळ काढून टाका. उद्या हीच मांडणी आपण दुसऱ्या यंत्रावर नेलीत तर तेथे तिच्यामुळे खरेच धोका निर्माण होईल. फाइल वाचल्याची वेळ डिस्कवर न लिहिण्याचा ‘नोएटाइम’ हा पर्याय राहिला तरी चालेल. २००९ पासून कर्नल मूळचाच ‘रिलेटाइम’ ही सौम्य पद्धत वापरतो, त्यामुळे त्यातून मिळणारा लाभ अगदी थोडा आहे.

एक नवा कार्यक्रम मात्र मी आपणांस आग्रहाने सुचवतो : ‘अर्लीऊम’. रॅम आणि स्वॅप दोन्ही संपत आल्यावर लिनक्स शेवटच्या क्षणापर्यंत झुंजत राहते आणि तेवढा वेळ आपण गोठलेल्या माउसकडे पाहत बसतो. हा कार्यक्रम दोन्हींची शिल्लक १० टक्क्यांच्या खाली गेली की सर्वांत जास्त जागा अडवणारा कार्यक्रम, म्हणजे बहुधा ब्राउझरमधील एक पान, आधीच बंद करतो. एक पान गमावणे हे अर्धा लिहिलेला स्वाध्याय घेऊन यंत्र जबरदस्तीने बंद करण्यापेक्षा पुष्कळ बरे.

ब्राउझरविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर आपली खरी लढाई त्याच्याशीच आहे. डेस्कटॉप कितीही हलका केला तरी आजची संकेतस्थळे हलकी होत नाहीत. फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ बसवा. जाहिराती आणि पाळत ठेवणारे लेखांश (स्क्रिप्ट) उतरलेच नाहीत तर रॅम आणि प्रोसेसर दोन्ही वाचतात. एका वेळी दोन-तीनच पाने उघडी ठेवा. अभ्यासाची पीडीएफ पुस्तके ब्राउझरमध्ये वाचू नका; ती उतरवून घेऊन ‘म्युपीडीएफ’मध्ये उघडा. स्कॅन केलेली जाड पुस्तकेही तो विनातक्रार दाखवतो. व्याख्यानांचे व्हिडिओ ‘एमपीव्ही’मध्ये ३६० ओळींच्या एच २६४ स्वरूपात पाहा. आपल्या चित्रयंत्रात व्हिडिओ उलगडण्याची सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. त्यामुळे ७२० ओळींचा हट्ट धरू नये.

हे सर्व केल्यावर थोडे पैसे खर्च करता आले तर ते दोन ठिकाणी करा. एन २७० च्या बहुतेक नेटबुकांत डीडीआर२ रॅमची एकच खाच असते आणि तिच्यात २ जीबीची पट्टी बसते. ‘डीएमआयडीकोड’ ही आज्ञा देऊन आपली पट्टी कोणत्या प्रकारची आहे ते लिहून घ्या आणि महात्मा गांधी रस्त्यावर किंवा शालिमार परिसरात जुन्या लॅपटॉपची दुरुस्ती करणाऱ्या दुकानदाराकडे जुनी पट्टी सोबत घेऊनच जा, कारण डीडीआर२ च्या खाचेत डीडीआर३ ची पट्टी बसत नाही. काही नेटबुकांत रॅम बोर्डावरच डाख दिलेली असते. तेव्हा खाच आहे याची खात्री आधी करा. दुसरा खर्च म्हणजे अडीच इंची साटा एसएसडी. आपल्या यंत्रातील जुनी साटा जोडणी सेकंदाला सुमारे १५० एमबीच्या पुढे जाऊ देत नाही, म्हणून सर्वांत स्वस्त आणि लहान एसएसडी पुरेशी आहे. लाभ त्या १५० एमबीत नाही. वर सांगितलेली फेऱ्यांची आणि शीर्ष सरकण्याची वाट तेथे पाहावीच लागत नाही, हा आहे. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर आधी रॅम घ्यावी असे माझे मत आहे.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेतील फवारण्यांची नोंद (औषध, प्रमाण, तारीख, काढणीपूर्व दिवस) मी शेतावरील नेटबुकवर ठेवतो. बॅटरी निकामी झाली आहे आणि वीज दिवसातून अनेकदा जाते. डिस्कवरील लिखाण कमी होऊन वेग वाढेल असे वाचल्यामुळे डिस्क कशी जोडायची हे सांगणाऱ्या एफस्टॅब फाइलमध्ये ‘कमिट’ ६० सेकंद, ‘डेटा’ राइटबॅक आणि ‘बॅरियर’ शून्य असे लिहिले. गेल्या महिन्यात एका दिवसाची नोंद नाहीशी झाली आणि दुसऱ्या फाइलमध्ये निरर्थक अक्षरे दिसली. डिस्क बदलावी का?
— एक द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : डिस्क तपासूच, पण अपराध बहुधा तिचा नाही. आपण लिहिलेले तिन्ही पर्याय वेगासाठी सुरक्षितता गहाण टाकणारे आहेत, आणि ज्याच्या यंत्राला बॅटरीचा आधार नाही त्याने ते कधीही वापरू नयेत.

एक्स्ट४ ही फाइलव्यवस्था प्रत्येक बदलाची नोंद आधी जर्नल नावाच्या रोजकीर्दीत करते आणि दर ५ सेकंदांनी ती पक्की करते. ‘कमिट’ ६० केल्यावर वीज जाण्यापूर्वीच्या एका मिनिटाचे काम केवळ रॅममध्ये असू शकते. ‘राइटबॅक’चा धोका याहून खोल आहे. नेहमीच्या पद्धतीत मजकूर डिस्कवर उतरल्यानंतरच ‘ही फाइल इतकी लांब आहे’ ही नोंद पक्की होते. राइटबॅकमध्ये हा क्रम पाळला जात नाही, त्यामुळे फाइलची लांबी बरोबर आणि आत मात्र त्या जागेवरचा जुना कचरा, असे घडते. आपण पाहिलेली निरर्थक अक्षरे याच प्रकारची असावीत. बॅरियर बंद केल्यावर डिस्क स्वतःच्या कॅशमधील लिखाणाचा क्रम बदलण्यास मोकळी होते आणि रोजकीर्द असूनही तिचा भरवसा राहत नाही.

तिन्ही शब्द एफस्टॅबमधून पुसून टाका. राइटबॅकची खूण ‘ट्यून२एफएस’ या आज्ञेने फाइलव्यवस्थेतच उमटवली असेल तर ती त्याच आज्ञेने काढावी लागेल. नुसती एफस्टॅबची ओळ पुसून भागणार नाही. त्यानंतर एकदा कर्नलला ‘एफएससीके डॉट मोड’ हा पर्याय ‘फोर्स’ असा देऊन यंत्र सुरू करा, म्हणजे संपूर्ण तपासणी होईल. डिस्कच्या प्रकृतीसाठी ‘स्मार्टसीटीएल -ए’ ही आज्ञा द्या. ‘रिअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळींच्या शेवटी शून्य असेल तर डिस्क ठेवा. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर त्याच दिवशी नोंदी दुसरीकडे उतरवून घ्या आणि डिस्क बदला.

निर्यातीच्या बागेत फवारणीची नोंद ही सातबाऱ्याइतकीच मोलाची, म्हणून ती एकाच यंत्रात ठेवू नये. लिबरऑफिसमध्ये स्वयंजतनाचा कालावधी मुळात १० मिनिटांचा असतो, तो २ मिनिटे करा आणि प्रत्येक जतनाच्या वेळी आधीची प्रत राखून ठेवण्याच्या पर्यायावर खूण करा. केवळ कोष्टकेच लिहावयाची असतील तर ‘नुमेरिक’ हा कार्यक्रम पुष्कळ हलका आहे आणि अशा यंत्रावर तो लवकर उघडतो. रोज संध्याकाळी फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि ‘अनमाउंट’ केल्यावाचून तो उपसू नका.

वीजपुरवठ्यासाठी संगणकाला लावतात तो साधा यूपीएस पुरेसा आहे, कारण नेटबुकचा अ‍ॅडॅप्टर साधारण ४० वॅटचाच असतो. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा लहान यूपीएस मात्र अ‍ॅडॅप्टरवरील व्होल्टेज वाचल्याशिवाय थेट जोडू नका. बहुतेक नेटबुकांना १९ व्होल्ट लागतात. आणि भुरीसाठी गंधकाची धुरळणी चालू असेल तेव्हा यंत्र बंद करून झाकून ठेवा. ती भुकटी पंख्यातून आत जाते आणि तांब्याच्या जोडांना खाते.

प्रश्न : वस्तीतील मुलांच्या वर्गासाठी आम्हांला सहा जुनी नेटबुके मिळाली आहेत. १०२४ गुणिले ६०० च्या पडद्यावर खिडक्यांच्या तळाची ‘ओके’ ही कळ दिसतच नाही. मुलांनी मराठीत लिहावे अशी इच्छा आहे. त्यासाठी काय बसवावे?
— एक शिक्षिका, सिडको

उत्तर : ऑल्ट कळ दाबून ठेवा आणि खिडकीत कोठेही माउसची डावी कळ दाबून ती वर ओढा, खिडकीचा माथा पडद्याबाहेर जातो आणि तळ दिसू लागतो. एलएक्सडीईमध्ये ही सोय आधीपासूनच असते. खालची पट्टी डाव्या कडेला उभी लावा, म्हणजे आधीच तोकडी असलेली उंची वाचेल.

मराठी लिहिण्यासाठी वेगळा कार्यक्रम लागत नाही. लिनक्सच्या कळफलकाच्या मांडण्यांत भारत या नावाखाली मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी आहे, आणि उच्चाराप्रमाणे लिहिण्याची कगप मांडणीही आहे. दोन्ही मांडण्या कळफलकाच्या मूळ यंत्रणेतच असल्यामुळे आयबससारखा मदतनीस सतत चालू ठेवावा लागत नाही. मुलांना इन्स्क्रिप्ट शिकवावे असे मी सुचवीन. पहिले दोन आठवडे ती कठीण वाटते, पण ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील र तेथे अगदी सरळ लिहिता येतो : र च्या कळीवर शिफ्ट दाबून ऱ घ्यावा, मग हलन्त, मग य. फॉन्टसाठी लोहित देवनागरी बसवा, आणि लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडा. भाषा हिंदी राहिली तर ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची दिसू शकतात, आणि मुलांच्या डोळ्यांना आरंभापासून आपले वळण दिसावे हे मला महत्त्वाचे वाटते.

सहांपैकी एखाद्यात एन २६०० प्रोसेसर असेल तर त्याच्या जीएमए ३६०० चित्रयंत्राला लिनक्समध्ये त्रिमितीची गती मिळत नाही. ते यंत्र केवळ लेखनासाठी ठेवा. सहाही यंत्रांनी तीच पॅकेजे वेगवेगळी उतरवू नयेत म्हणून एका यंत्रावर ‘अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी’ बसवा. पहिल्याने उतरवलेले पॅकेज मग इतरांना घरातूनच मिळेल.

प्रश्न : रोज सकाळी नेटबुक सुरू केले की तारीख २००९ मधील दिसते, कोणतेही संकेतस्थळ प्रमाणपत्राची तक्रार करते, आणि अद्ययावत करताना ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असा संदेश येतो. प्रणाली पुन्हा बसवावी का?
— एक कारखाना कामगार, सातपूर

उत्तर : पुन्हा बसवू नका. मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. प्रत्येक संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य असते आणि आपल्या यंत्राच्या लेखी त्यातील पहिली तारीख अजून उजाडलेलीच नाही. पॅकेजांच्या यादीचेही तेच. तूर्त ‘डेट’ या आज्ञेने तारीख हाताने लावा, म्हणजे दोन्ही तक्रारी त्याच क्षणी थांबतील. बॅटरी बहुधा सीआर २०३२ असते, पण काही नेटबुकांत ती दोन तारांच्या लहान जोडणीसह येते, म्हणून तळ उघडून जुनी बॅटरी दुकानदाराला दाखवा आणि तशीच मागा.